आषाढापुरता कान

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यातल्या कापडाच्या दुकानांवर ‘आषाढ सेल’चे फलक लागले, की मला नजरबादच्या एका मागच्या खोलीचा वास येतो. राळेचा, वितळलेल्या कथिलाचा आणि ओल धरलेल्या भिंतीचा. फलकांचा आणि त्या वासाचा तसा काही संबंध नाही. आषाढात लग्नं नाहीत, मुंजी नाहीत, नव्या घरात कुणी पाऊल टाकत नाही; गिऱ्हाईक यावं म्हणून दुकानदार भाव उतरवतात, एवढंच. पण मनाला कोण समजावणार! काल ऑफिसातून येताना रिक्षा सिग्नलला थांबली, समोर लाल अक्षरांतला तो फलक भिजत लोंबत होता, आणि मला एकदम भरून आलं. अग्रहारातल्या माझ्या घराकडे निघालेली रिक्षा मी नजरबादला वळवायला सांगितली. रिक्षावाला कुरकुरला, पण वळला.

इथला आषाढ आमच्या साताऱ्यासारखा नाही. तिकडे आषाढ म्हणजे कोसळणं, ओढे फुगणं, कौलं गळणं. म्हैसूरचा आषाढ दिवसभर पडतो आणि अंगण काही धड भिजत नाही. ‘जिटीजिटी मळे’ म्हणतात इथे त्या भुरभुरीला. छत्री उघडावी तर ओशाळल्यासारखं होतं, न उघडावी तर घरी पोचेपर्यंत खांदे ओले. शुक्रवारी डोंगरावरच्या देवीला जाणाऱ्या बायकांनी बसगाड्या भरून जातात, ओल्या पदरांना जाईमोगऱ्याचा वास असतो, आणि बाकी गाव मान खाली घालून आपल्या कामाला लागलेलं असतं. नोकरीसाठी मी इथे आले त्याला आता बरीच वर्षं झाली. पहिले काही आषाढ मला नुसते कंटाळवाणे वाटले होते.

नागोजीकाकांकडे मी गेले ती माझ्या वडिलांचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन. वडील गेल्यावर साताऱ्याच्या घरातून मी तेवढी एकच वस्तू मागून आणली होती. लाकडी पेटी, पुढे मोठाले नॉब, मागे धूळ. आणल्या आणल्या हौसेनं प्लग लावला, बटण दाबलं आणि पेटीतून धूर आला. कुणीतरी दुरुस्तीसाठी नजरबादच्या काकांचा पत्ता दिला. त्यांनी झाकण उघडलं, आत वाकून वास घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी शाळेत गृहपाठ न करता आल्यासारखी उभी राहिले.

“सरळ प्लग लावलीस?”

“हो.”

“अय्यो! इतकी वर्षं निजलेला माणूस. त्याच्या डोक्यावर गार पाण्याची बादली ओतून उठवतेस काय गं, अक्का? निधान उठवायचं. निधान.”

निधान म्हणजे सावकाश, हे मला तोवर कळू लागलं होतं. मग त्यांनी दाखवलं, वर्षानुवर्षं बंद असलेला अ‍ॅम्प्लिफायर जागा कसा करतात ते. विजेच्या वाटेत एक साधा बल्ब घालायचा. सगळी वीज आधी बल्बातून जाते. आत कुठे काही बिघडलेलं असलं तर बल्ब भगभगीत पेटतो आणि यंत्र वाचतं. ठीक असलं तर क्षणभर उजळून मंद होतो. मंद झालेल्या त्या बल्बाकडे काका असे पाहायचे, की जणू ताप उतरलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवलाय. वडिलांचा अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी वाचवला. मी मात्र परत परत जात राहिले, कधी निमित्त काढून, कधी निमित्ताशिवाय.

काकांच्या घराण्यातले लोक कधीकाळी म्हैसूरच्या राजांच्या फौजेत होते. काका सरकारी कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेले. “आजे-पणजे तलवार चालवत होते, मी डाग देतो,” असं म्हणून ते सोल्डरिंगची तापलेली सळई कथिलाला टेकवायचे. त्यांची मराठी अर्धी कानडी. माझ्या मराठीला ते हसायचे. “तुझी मराठी पुस्तकातली गं. आमची सुम्ने घरातली.” सुम्ने म्हणजे उगीच, सहज. मी त्यांच्या बायकोला काकू म्हणते. काकू अंगानं बारीक, चालताना पायाचा आवाज नाही, बोलणं हळू. हा त्यांचा स्वभाव असावा असं मला आधी वाटायचं. तो त्या घरातला नियम होता, हे नंतर समजलं.

मागच्या खोलीत काका ऐकायला बसले की घरात कुणी बोलायचं नाही. पंखा बंद. नळ बंद. काकू कॉफी ठेवून जायच्या तेव्हा पेल्याखाली आधी फडकं ठेवायच्या. अ‍ॅम्प्लिफायर चालू करायचा, गाणं लावायचं नाही, आवाजाचा नॉब पूर्ण वर न्यायचा आणि स्पीकरला कान लावून त्या रिकामेपणात काय आहे ते ऐकायचं. कुठे गुणगुण आहे का, कुठे खरखर, कुठे डाग कोरडा पडून तार सुटायला आली आहे का. आणि या वेळी कुणी तोंड उघडलं, की हात वर. “स्वल्प थांब. बोलू नको.” काकूंचा संसार उभा राहिला तो हा वर केलेला हात बघत.

काकांचा डावा कान लहानपणीच्या एका तापात कायमचा गेला होता. म्हणजे बघा, दोन स्पीकरांचं यंत्र दुरुस्त करणारा हा माणूस आयुष्यभर एकाच कानानं ऐकत आला. डावा स्पीकर ऐकायचा तर खुर्ची फिरवायची, उजवा ऐकायचा तर पुन्हा फिरवायची. दोन्ही स्पीकर बरोबर लागले, की गाणारं माणूस मधोमध उभं आहे असं वाटतं. हे त्यांनी वाचलं होतं, ऐकलं कधीच नव्हतं. म्हणून माझी गरज. मला समोर वेताच्या बैठ्या मोड्यावर बसवायचे आणि विचारायचे, “सांग, गाणारी कुठं उभी आहे?”

मी डोळे मिटून बोट दाखवायची. “इथे. कपाटाच्या जरा अलीकडे.”

“तबला?”

“डावीकडे, खिडकीपाशी.”

काका रिकाम्या जागेकडे टक लावून पाहायचे. तिथे खरंच कुणी बसलं असावं आणि आपल्यालाच दिसत नसावं, असा चेहरा. एकदा मी दमून घाईत ‘मधोमध’ म्हणून टाकलं, तर लगेच ओळखलं. “खोटं नको सांगू, अक्का. माझ्याकडे दुसरा कान नाही. तूच आहेस.” त्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर आवाजाबद्दल एक शब्दही अंदाजानं बोलले नाही.

जुन्या वस्तूंवर प्रेम करणाऱ्यांचे दोन प्रकार असतात असं माझं मत झालंय. एक, जुनं नव्यासारखं चकचकीत करणारे. दुसरे काकांसारखे. नॉब ते रिठ्याच्या पाण्यात भिजवायचे, दातांच्या जुन्या ब्रशानं खाचा घासायचे, पण नॉबवरची अक्षरं बोटांनी पुसट झालेली असली तर तशीच ठेवायचे. “कुणाच्या तरी बोटानं झिजलंय. आपण कोण मिटवणार?” फुगलेले कंडेन्सर मात्र निर्दयपणे उपटायचे. काय बदलायचं आणि काय राखायचं, यावर आमचे कितीदा वाद झाले! मी त्या वादांत नेहमी हरायची आणि खुशीत घरी जायची.

मग ती गुणगुण आली.

दोन वर्षांपूर्वीचा वैशाख असेल. काकांच्या टेबलावर एक जपानी अ‍ॅम्प्लिफायर होता, चांदीसारख्या पट्टीचा, त्यांचा स्वतःचा. दुसऱ्यांचीच कामं आधी होत गेल्यामुळे तो कितीतरी वर्षं गोणपाटाखाली पडून होता. निवृत्तीनंतर तो दुरुस्त करायचा आणि स्वस्थ बसून गाणी ऐकायची, हा त्यांचा जुना बेत. दुरुस्त झाला, पण त्यात बारीक गुणगुण येत होती. काकांनी कंडेन्सर बदलले. गुणगुण तशीच. तारांचे रस्ते बदलले, जमिनीची तार नव्यानं जोडली, ट्रान्सफॉर्मर फिरवून लावला. तशीच. मला बोलावलं. मी स्पीकरला कान लावला.

“काही नाही काका. अगदी स्वच्छ आहे.”

“कान धुवून ये तू.”

खरंच आम्ही भांडलो त्यावरून. मी चिडून आठवडाभर गेले नाही. काका एकटेच त्या गुणगुणीच्या मागे लागले. शेवटी एके संध्याकाळी त्यांनी घराचा मेन स्विच बंद केला, बाहेरची वाहनं जरा ओसरल्यावर अंधाऱ्या खोलीत उभे राहिले, आणि गुणगुण तिथेच होती. वीज नसलेल्या घरात, उजव्या कानात. त्यांनी मला फोन केला. “अक्का, अ‍ॅम्प चांगला आहे गं,” म्हणाले. मी विचारलं, मग काय झालं? तेव्हा म्हणाले, “मीच खराब झालोय.” यंत्रातला दोष शोधता शोधता माणसाची आठवण सगळ्यात शेवटी यावी, हे काकांच्याच बाबतीत होऊ शकतं. हसावं की रडावं तेच मला कळेना.

उजव्या कानाच्या नसेवर गाठ होती. काढावी लागणार होती, नाहीतर पुढे मेंदूवर दाब आला असता. आणि गाठ काढताना नस जाणार, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. नसच गेल्यावर कुठलं यंत्र लावून उपयोग नाही. डाव्या बाजूची तर कधीच मेलेली. म्हणजे ऑपरेशननंतर काहीच ऐकू येणार नाही. डॉक्टर कॅलेंडर बघून तारीख देत होते, ती आषाढातली निघाली.

काकू डॉक्टरांच्या खोलीत पहिल्यांदा मोठ्यानं बोलल्या. “आषाढात नको.”

डॉक्टर म्हणाले, महिन्यानं फारसा फरक पडणार नाही, गाठ हळू वाढणारी आहे, तुमची मर्जी. मला वाटलं काका उसळतील. देवधर्म, मुहूर्त यांची ते जन्मभर टर उडवत आले होते. पण ते काकूंकडे बघत राहिले आणि म्हणाले, “सरी, बरं. श्रावणात करू.” बाहेर रिक्षात बसताना मला हळूच म्हणाले, “हिच्या पंचांगाचा पहिल्यांदाच उपयोग झाला, अल्वा? खरं ना?” काकूंनी ते देवीच्या धाकानं म्हटलं की नवऱ्याला आणखी एक महिना मिळावा म्हणून, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. विचारणारही नाही. तो महिना मात्र असा, फुकट, आकाशातून पडल्यासारखा त्यांच्या पदरात आला.

तो आषाढ मी विसरू शकत नाही. बाहेर तीच भुरभुर, आणि घरात एक माणूस बहिरा होण्याची तयारी करत होता, तीही अगदी पद्धतशीर. काकांनी दाराच्या घंटीला लाल बल्ब जोडला, फोनला हिरवा. झोपायच्या खोलीत, स्वयंपाकघरात, मागे, सगळीकडे तारा ओढल्या. कुकरच्या शिट्टीला बल्ब कसा लावायचा यावर त्यांनी बराच वेळ घालवला आणि शेवटी काकूंनी “शिट्टी मी ऐकीन, बिडी, सोडा ते” म्हटल्यावर नाद सोडला. दोन पाट्या आणल्या, खडू आणले. रोज दुपारी काकू समोर बसून आवाज न काढता ओठ हलवायच्या आणि काका ओळखायचे. ‘भात’ आणि ‘बात’ त्यांना कधीच वेगळे ओळखता आले नाहीत. “दोन्ही घरात भरपूर आहेत,” म्हणायचे. आम्ही हसायचो. त्या महिन्यात आम्ही खूप हसलो, हे आता आठवून मला आश्चर्य वाटतं.

आणि गाणी? स्वस्थ बसून गाणी ऐकायचा बेत? तो चांदीसारख्या पट्टीचा अ‍ॅम्प्लिफायर टेबलावर तयार होता. काका रोज तबकडी लावायचे, खुर्चीत मागे रेलायचे, डोळे मिटायचे. दोन ओळी होत नाहीत तोच भुवई वर जायची. डावीकडच्या स्पीकरला किंचित खरखर होती. एवढी किंचित, की मलाही श्वास धरल्यावर ऐकू यायची. लगेच उठायचे, झाकण उघडायचे, सळई तापवायचे. आज हा डाग, उद्या तो सांधा. आषाढ अर्धा सरला. तबकडीची एक बाजूही सलग ऐकून झाली नव्हती.

त्या दिवशी मी तिथेच होते. काका झाकण काढून आत वाकलेले, काकू कॉफी घेऊन आलेल्या. पेला त्यांनी फडक्यावर न ठेवता थेट टेबलावर आदळला. कॉफी सांडली.

“जन्मभर खरखरच ऐकलीत तुम्ही,” काकू म्हणाल्या. “आता तरी गाणं ऐका की हो.”

“खरखर असताना गाणं कसं ऐकू?”

“बाकीचं जग ऐकतं तसं!”

काकांचा हात सवयीनं वर गेला होता. तो त्यांनी खाली घेतला. सळईचा प्लग काढला. झाकण उलटं लावलं, पुन्हा सुलटं लावलं. मी उठून जायला निघाले तर म्हणाले, “बस गं. तू कुठं चाललीस?” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढी वर्षं या माणसानं गाण्यातून गाणं वजा करून जे उरतं तेच ऐकलं होतं. दोष सापडेपर्यंत ऐकायचं आणि सापडला की थांबायचं. दोष नसला तर यंत्र मालकाला देऊन टाकायचं. म्हणजे ज्या क्षणी ऐकण्याजोगं झालं, त्या क्षणी ते दुसऱ्याच्या घरी. मला माझ्या वडिलांचा अ‍ॅम्प्लिफायर आठवला आणि तो मी रोज ऐकते याची उगीच शरम वाटली.

त्यानंतर काका बाहेर पडू लागले. मला म्हणाले, चल, बाजार ऐकवून आण. शनिवारी आम्ही देवराज मार्केटात जायचो. मोगऱ्याच्या गजऱ्यांच्या ओळीत ते भिंतीला टेकून उभे राहायचे. फुलवाल्या हातानं माळ मोजत गिऱ्हाइकाशी भांडायच्या, हमाल ‘दारी बिडी, दारी बिडी’ म्हणत वाट मागायचे, केळ्यांचा घड फळीवर पडायचा, कुठेतरी पत्र्यावरून पाणी ठिबकायचं. काका मान तिरकी करून, उजवा कान पुढे करून सगळं घेत राहायचे. “हे सगळं मी मागचा गोंगाट म्हणून टाकून देत आलो गं,” एकदा म्हणाले. कुंकवाच्या ढिगांपाशी एका बाईनं त्यांना विचारलं, काय हवंय? “काही नको अम्मा, सुम्ने,” ते म्हणाले. ती बाई हसली. तिचं हसणंही त्यांनी थांबून ऐकलं.

आषाढातला शेवटचा शुक्रवार. काकू पहाटेच डोंगरावर जाऊन आल्या होत्या, केसांत प्रसादाचं फूल होतं. दुपारी काकांनी तबकडी लावली आणि एक बाजू, पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत, खरखरीसकट ऐकली. एकदाही उठले नाहीत. बाजू संपली, सुई वर आली. आम्हाला वाटलं, आता दुसरी लावतील. त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर बंद केला.

“आता तू बोल,” ते काकूंना म्हणाले.

“मी? काय बोलू?”

“काहीही. या खोलीत तू कधी बोललीच नाहीस.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मग त्या बोलायला लागल्या, आधी अडखळत. गॅसवाला आला नाही अजून. धाकट्या बहिणीच्या मुलीला स्थळ आलंय, मुलगा मंड्याचा आहे. देवीला आज निळं लुगडं नेसवलं होतं. पायऱ्यांवर एक बाई पाय घसरून पडली, मग तिला सगळ्यांनी धरून बसवलं. पावसानं मागच्या दाराची फळी फुगलीये, नीट लागत नाही. काका खुर्ची फिरवून, चांगला कान त्यांच्याकडे करून बसले होते. काकू बोलत राहिल्या, थांबल्या की काका बोटानं खुणावायचे, पुढे. मी केव्हातरी चपला हातात घेऊन बाहेर पडले. रस्त्यावर येऊन रडले. भुरभुर होतीच, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नसेल.

श्रावणात ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली, काका वाचले, आणि ठरल्याप्रमाणे बहिरे झाले. लाल बल्ब, हिरवा बल्ब, पाट्या, ओठ वाचणं, सगळं जिथल्या तिथे उपयोगी पडलं. एवढी चोख तयारी पाहून डॉक्टरही चकित झाले म्हणे. काका पुन्हा मागच्या खोलीत बसू लागले. मीटरचा काटा बघून दुरुस्ती करायचे, शेवटचं ऐकणं माझ्याकडे. मी पाटीवर लिहायची: उजवीकडे गुणगुण, कमी आहे. मधोमध, कपाटाच्या रेषेत. ते मान हलवायचे. मला वाटलं, निभावलं आपण.

त्यांना काय ऐकू येणार नाही याचा आम्ही महिनाभर विचार केला होता. आम्हाला काय ऐकावं लागेल याचा कुणीच केला नव्हता.

काकांनीच मला कधीतरी समजावलं होतं, चांगला अ‍ॅम्प्लिफायर आपला आवाज आपणच ऐकत असतो. बाहेर पडलेल्या आवाजाचा थोडासा भाग तो पुन्हा आत घेतो, मुळाशी ताडून बघतो आणि चुकलेलं सावरतो. फीडबॅक. ती एक वाट तोडली, तर यंत्र चालतं, पण आवाज हळूहळू वेडावाकडा होतो आणि यंत्राला त्याचा पत्ता नसतो. माणसाचंही तसंच असतं, हे मला माहीत नव्हतं. पहिले काही महिने काकांचा आवाज होता तसाच राहिला, जुन्या सवयीच्या जोरावर. मग ‘स’ आणि ‘श’ एकमेकांत मिसळले. मग शब्दांची शेवटची अक्षरं गळायला लागली. नंतर वरखाली. मध्येच कुजबुज, मध्येच एकदम ओरडणं, आणि त्या ओरडण्यात राग नाही, काही नाही, साधं ‘कॉफी दे’. तो खालच्या पट्टीतला, थोडा घोगरा, थट्टा करताना आणखी हळू होणारा आवाज महिन्या-महिन्यानं आमच्या डोळ्यांदेखत मोडत गेला. ऐकायला त्यांनीच शिकवलेलं असल्यामुळे मला तो मोडताना पहिल्या दिवसापासून कळला.

काकूंना त्याआधीच कळला होता. मागच्या थंडीत एकदा आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. बाहेरून काका काहीतरी मोठ्यानं सांगत होते, शेजारच्या घरातली खिडकी लागल्याचा आवाज आला. काकू पोळपाटावर हात ठेवून थांबल्या. त्या अजूनही हळूच बोलतात.

“आमच्यात तेव्हा मुलगी समोर बसून मुलाला बघत नव्हती,” त्या म्हणाल्या. “मी आत होते. हे बाहेर माझ्या अण्णांशी बोलत होते, पाऊस किती झाला, असंच काही. मी नुसता आवाज ऐकला आणि आईला म्हणलं, हो म्हण.” पोळी त्यांनी उलटली. “त्यांना सांगू नको, अक्का. आवाज असा झालाय म्हणून कळलं, तर ते बोलायचेच बंद होतील. मला ठाऊक आहे त्यांचा स्वभाव. खरखर असली की बटण बंद. मला असला का होईना, पाहिजे.”

तर काल मी रिक्षा वळवून गेले ती त्या घरी. दाराची घंटी दाबली, आत कुठेतरी लाल बल्ब पेटला असणार. काकांनीच दार उघडलं. मागच्या खोलीत बसलो. टेबलावर कुणाचा तरी अ‍ॅम्प्लिफायर उघडा होता, पण त्यांनी त्याला हात लावला नाही. त्यांनी पाटी माझ्यापुढे सरकवली.

“अक्का.” एकदम मोठा आवाज. मग तोच कुजबुजीवर आला. “देवळात एक पोर मला बघून हसलं. मी पुजाऱ्याशी बोलत होतो. रिक्षावाला पण परवा दचकला. हिला विचारलं तर ही मान हलवते, काही नाही, काही नाही म्हणते. हिला काय कळतंय? तू सांग. माझ्या आवाजात खरखर आलीय काय?”

काकू दारात उभ्या होत्या, हातात कॉफी. काकांची त्यांच्याकडे पाठ होती. काकूंनी मला काही खूण केली नाही. त्या फक्त माझ्या हाताकडे बघत होत्या, खडू धरलेल्या.

“खरं सांग,” काका म्हणाले. ‘खरं’मधला ‘र’ कुठेतरी घशातच राहिला. “तू कधी खोटं सांगितलं नाहीस मला.”

मी पाटीवर लिहिलं, ‘नाही. स्वच्छ आहे.’

त्यांनी पाटी दिव्याखाली धरली. वाचली. पुन्हा वाचली. इतका वेळ, की मला वाटलं ओळखलं, पूर्वी ओळखलं होतं तसं. मग त्यांचे खांदे खाली आले. “मग बरं,” ते म्हणाले, आणि मनावरचं ओझं उतरल्यासारखे बोलत सुटले. पंधरा दिवस दाबून ठेवलेलं असावं सगळं. या अ‍ॅम्प्लिफायरचा मालक किती मूर्ख आहे, त्यानं आत काय काय जाळून ठेवलंय, आजकाल मिळणारं कथिल कसं भिकार आहे. आवाज चढत होता, चिरत होता, वाक्यांच्या कडा तुटून पडत होत्या. काकू आत आल्या, कॉफी ठेवली, आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. काका बोलत होते. काकू ऐकत होत्या, एकही शब्द न गमावता.